मातीत घडलेला वेग : ऑलिम्पिकवीर खाशाबा जाधव

कोल्हापुरातील एखाद्या आधुनिक व्यायामशाळेत सकाळी डोकावले, तर ट्रेडमिलच्या फिरत्या पट्ट्यावर धावणारे तरुण दिसतात. पट्ट्याला चढ दिलेला असतो. एखाद्याच्या कमरेला मागे ओढणारा रबरी पट्टा बांधलेला असतो, तर शेजारी कुणी खांद्यावर वजनाची दांडी घेऊन बैठका मारत असतो. शरीरासमोर मुद्दाम विरोध उभा करायचा, त्या विरोधाशी झगडून पायांत ताकद आणायची आणि विरोध दूर होताच तीच ताकद वेगात आणि उडीत उतरवायची, असे या व्यायामाचे सूत्र आहे. यंत्रे नवी असली, तरी सूत्र या शहराला नवे नाही. कोल्हापूरच्या तालमींतील लाल मातीच्या हौद्यांत ते अनेक पिढ्या अंगी बाणवले गेले. या मातीत मेहनत करून ज्यांनी आपली चपळाई थेट ऑलिम्पिकच्या विजयमंचापर्यंत नेली, ते मल्ल म्हणजे खाशाबा दादासाहेब जाधव.

स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळातील पहिले ऑलिम्पिक पदक मिळवून देणारे खाशाबा, एवढी ओळख बहुतेकांना असते. मात्र ठेंगण्या बांध्याच्या या विद्यार्थ्याने वेग कसा कमावला आणि तो जपण्यासाठी त्याला कोणकोणत्या आघाड्यांवर झुंजावे लागले, ही कहाणी पदकाइतकीच मोलाची आहे.

गोळेश्वर ते कोल्हापूर

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यातील कराडजवळच्या गोळेश्वर या गावी झाला. वडील दादासाहेब हे स्वतः नामांकित मल्ल. पाच भावंडांत खाशाबा सर्वांत धाकटे. कुस्तीचे पहिले धडे त्यांना घरातच मिळाले आणि वयाच्या पाचव्या वर्षापासूनच त्यांच्या अंगाला माती लागली. कृष्णा-कोयनेच्या काठच्या गावांत तेव्हा यात्रा म्हटली, की कुस्त्यांचा फड ठरलेलाच असे. अशा फडांत लहानग्या खाशाबांनी आपल्यापेक्षा मोठ्या मुलांना अस्मान दाखवण्यास सुरुवात केली.

शालेय शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये झाले. तो काळ स्वातंत्र्य चळवळीचा होता. १९४२च्या आंदोलनात सातारा जिल्हा पेटून उठला, तेव्हा शाळकरी वयातील खाशाबांनीही भूमिगत कार्यकर्त्यांना साथ दिली. देश स्वतंत्र झाला आणि पुढील शिक्षणासाठी त्यांनी कोल्हापूर गाठले. राजाराम महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि येथेच त्यांच्या आयुष्याला निर्णायक वळण मिळाले.

कुस्तीसाठी याहून योग्य शहर त्या काळी शोधूनही सापडले नसते. राजर्षी शाहू महाराजांनी मल्लविद्येला राजाश्रय दिला, देशभरातील मल्लांना येथे आणले आणि १९१२ मध्ये खासबाग मैदान उभे केले. रोममधील प्राचीन रंगभूमी पाहून आल्यानंतर महाराजांच्या मनात या मैदानाची कल्पना रुजली. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी अशा तालमींत दिवस उजाडण्यापूर्वीच शड्डूचे आवाज घुमू लागत. खाशाबा शहरात आले, तेव्हा महाराजांच्या निधनाला पाव शतक उलटले होते. तरी त्यांनी रुजवलेली कुस्ती गल्लीगल्लीत जिवंत होती.

मात्र या कुस्तीपंढरीतही खाशाबांना प्रथमदर्शनी कोणी मल्ल मानले नाही. महाविद्यालयाच्या वार्षिक क्रीडास्पर्धेत नाव देण्यासाठी ते गेले, तेव्हा त्यांची किरकोळ शरीरयष्टी पाहून क्रीडाशिक्षकांनी त्यांना नकार दिला. खाशाबांनी थेट प्राचार्यांकडे धाव घेतली, परवानगी मिळवली आणि आपल्याहून उंच व वजनदार प्रतिस्पर्ध्यांना एकामागून एक पराभूत केले. ताकद म्हणजे आकार, हा समज त्या दिवशी महाविद्यालयाच्या आखाड्यात चितपट झाला. पुढे क्रीडाजगताने त्यांना पॉकेट डायनॅमो हे नाव दिले, त्याचे बीज येथेच होते.

तालमीतले शास्त्र

कोल्हापुरात बाबूराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजी यांचे मार्गदर्शन खाशाबांना लाभले. त्यांनी घेतलेली मेहनत समजून घ्यायची, तर तालमीतील दिनक्रम पाहायला हवा. पहाटे उठून मल्ल प्रथम खोऱ्याने हौदा खणतो. तांबड्या मातीत ताक, तेल, लिंबू, हळद मिसळून ती मऊ ठेवलेली असते. ही ओलसर, जड माती उकरताना कंबर, पाठ आणि मांड्या यांना जो विरोध मिळतो, तो आजच्या व्यायामशाळेतील वजनांपेक्षा कमी नसतो. त्यानंतर जोर आणि बैठका. बैठक मारताना टाचा उचलल्या जातात आणि उठताना चवड्यांवर भार येतो. म्हणजे उडी मारताना जे स्नायू कामाला येतात, त्यांनाच येथे चालना मिळते. साथीदाराला खांद्यावर घेऊन किंवा गळ्यात दगडी कडे अडकवून मारलेल्या बैठका म्हणजे भारव्यायामच. दोर चढणे, मल्लखांब, मुद्गल फिरवणे आणि शेवटी जोडीदाराशी लढत, असा हा क्रम असे. खाशाबांनी त्याला पोहणे, धावणे आणि वजन उचलणे यांची जोड दिली होती.

या मेहनतीचा वेगाशी संबंध काय, हे आजच्या क्रीडाशास्त्राच्या आधारे सांगता येते. धावपटूचा पाय पूर्ण वेगात असताना जमिनीला जेमतेम एक दशांश सेकंद टेकतो. स्नायूला मात्र आपली कमाल ताकद प्रकट करण्यास त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. त्यामुळे केवळ ताकदवान असून भागत नाही. ती ताकद क्षणार्धात बाहेर काढता आली पाहिजे. उडीचेही तसेच. पाय जमीन सोडताना शरीराला किती वेग मिळाला, यावर उडीची उंची ठरते. म्हणून प्रशिक्षक आधी वजनांच्या साह्याने ताकदीचा पाया घालतात, मग चढावरील धाव, मागून ओढ देणारे पट्टे आणि उड्या यांच्या साह्याने त्या ताकदीला वेग देतात. विरोध इतकाच ठेवला जातो, की धावण्याची किंवा उडीची मूळ ढब बिघडू नये.

मऊ मातीत पाय रोवून रेटा दिला, की त्यातील काही जोर माती गिळून टाकते. तेवढाच परिणाम साधण्यासाठी पायांना अधिक श्रम करावे लागतात. तालमीचा हौदा हा अशा अर्थाने विरोध देणारा व्यायामच आहे. मात्र या पद्धतीची एक मर्यादाही नोंदवली पाहिजे. शेकडो बैठकांनी दम आणि चिकाटी वाढते. पण केवळ संख्येने स्फोटक वेग येत नाही. तो येतो डावांच्या सरावातून. खाशाबांचा आवडता डाव ढाक. प्रतिस्पर्ध्याची मान कवेत घ्यायची, निमिषार्धात आपली कंबर वळवायची आणि त्याला वरून फेकायचे. या डावात हातांपेक्षा कमरेचा आणि मांड्यांचा झटका महत्त्वाचा असतो आणि तो क्षणभर जरी उशिरा बसला, तरी डाव आपल्यावरच उलटतो. बैठकांतून आलेली ताकद ढाकच्या एका झटक्यात एकवटणे, हे खाशाबांच्या चपळाईचे मर्म होते.

लंडनची गादी

१९४८च्या लंडन ऑलिम्पिकसाठी खाशाबांची निवड झाली. प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. लंडनमध्ये फ्लायवेट म्हणजे ५२ किलो गटात उतरलेल्या या तरुणासमोर पहिला पेच प्रतिस्पर्ध्याचा नव्हता, तर पायाखालच्या पृष्ठभागाचा होता. आयुष्यभर मातीत लढलेल्या खाशाबांना आता गादीवर लढायचे होते. मातीत कुस्ती निकाली होईपर्यंत चालू शकते. गादीवर घड्याळ चालू असते आणि गुणांवर विजय मिळतो. मातीत दम काढून प्रतिस्पर्ध्याला थकवता येते. गादीवर पहिल्या क्षणापासून चढाई करावी लागते.

अमेरिकेचे माजी मल्ल रीस गार्डनर यांनी त्या दिवसांत खाशाबांना मार्गदर्शन केले. तयारीला फार अवधी नव्हता. तरीही मातीत घडलेल्या पायांना गादीवरचा घट्ट आधार मिळताच त्यांचा वेग उजळून निघाला. ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला त्यांनी काही मिनिटांतच पराभूत केले, अमेरिकेच्या बिली जर्निगनवरही मात केली. पुढे इराणच्या मन्सूर रईसीकडून हार पत्करावी लागली आणि त्यांना सहाव्या स्थानावर समाधान मानावे लागले. गादीचा फारसा सराव नसलेल्या मल्लासाठी हे यश लहान नव्हते. मात्र खाशाबा स्वतः त्यावर संतुष्ट नव्हते. परतल्यावर पुढील चार वर्षे त्यांनी गादीवरील नियम, गुण आणि डाव यांचा कसून अभ्यास केला.

गहाण पडलेले घर

१९५२च्या हेलसिंकी ऑलिम्पिकची वाट मात्र सरळ नव्हती. मद्रास येथील राष्ट्रीय स्पर्धेत त्यांना प्रतिस्पर्धी निरंजन दास यांच्यापेक्षा एक गुण कमी देण्यात आला आणि निवड हुकण्याची वेळ आली. हा निर्णय पक्षपाती असल्याची खाशाबांची भावना होती. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराजांनी पुन्हा लढत घेण्याची व्यवस्था केली आणि त्या लढतीत खाशाबांनी दास यांना निर्विवाद पराभूत केले.

निवड झाली, पण तिकिटाचे पैसे नव्हते. संस्थाने विलीन झाली होती, त्यामुळे या वेळी राजाश्रय नव्हता. शासनाकडे केलेल्या विनंतीला सुरुवातीस प्रतिसाद मिळाला नाही. गोळेश्वर आणि परिसरातील ग्रामस्थांनी वर्गणी काढली. खाशाबा दारोदार फिरले. अखेरीस राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. शासनाकडून पुढे ४,००० रुपये मिळाले. ज्या दिवसांत मल्लाने मेहनत, खुराक आणि झोप याखेरीज कशाचाही विचार करायचा नसतो, त्या दिवसांत खाशाबा पै-पैची जमवाजमव करत होते. वेग कमावण्यास वर्षे लागतात, तो टिकतो मोजका काळ. त्या मोजक्या काळातील कितीतरी दिवस असे खर्ची पडले.

२३ जुलै १९५२

हेलसिंकीत खाशाबा ५७ किलो वजनाच्या बँटमवेट गटात उतरले. कॅनडाचा एड्रियन पोलिक्विन, मेक्सिकोचा लिओनार्डो बासुर्तो आणि जर्मनीचा फर्डिनांड श्मिट्झ यांच्यावर त्यांनी विजय मिळवला. उंच आणि लांब हातांच्या युरोपीय मल्लांच्या पकडीत न सापडता आत शिरायचे, पकड घ्यायची आणि समोरचा सावरण्यापूर्वी त्याला खाली आणायचे, ही चपळ कुस्ती येथे फळाला आली.

त्यानंतर गाठ पडली ती जपानच्या शोहाची इशीशी. मूळचा ज्युदोपटू असलेला हा मल्ल पुढे या गटाचा विजेता ठरला आणि त्या ऑलिम्पिकमधील जपानचे एकमेव सुवर्णपदक त्याच्याच नावे जमा झाले. दीर्घ आणि दमछाक करणाऱ्या लढतीत खाशाबा पराभूत झाले. ही लढत संपते न संपते, तोच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोव्हविरुद्ध उतरण्यास सांगण्यात आले, असे त्या दिवसाच्या आठवणींत सांगितले जाते. दोन लढतींमध्ये किमान अर्ध्या तासाच्या विश्रांतीचा नियम होता. मात्र तो दाखवून देण्यासाठी भारतीय पथकाचा एकही पदाधिकारी तेथे उपस्थित नव्हता. खाशाबा थकलेल्या शरीराने गादीवर गेले आणि हरले.

या अर्ध्या तासाचे मोल कळण्यासाठी पुन्हा शरीरशास्त्राकडे वळावे लागते. झटक्याच्या हालचालींसाठी स्नायूंत असलेला इंधनाचा तातडीचा साठा सुमारे दहा सेकंदांत संपत येतो आणि तो भरून येण्यास काही मिनिटे लागतात. दीर्घ लढतीचा साचलेला थकवा ओसरण्यास त्याहून अधिक अवधी हवा असतो. म्हणूनच वेगाचा सराव घेणारे आजचे प्रशिक्षक दोन धावांमध्ये पुरेशी विश्रांती घेण्याचा आग्रह धरतात. थकलेल्या स्नायूंकडून वेग मिळत नाही. दम आणि चिकाटीच्या जोरावर कदाचित आणखी एक लढत निभावता येते. परंतु ढाकसारखा डाव थकलेल्या मांड्यांनी मारता येत नाही. ज्या चपळाईच्या भरवशावर खाशाबा येथवर आले होते, नेमकी तीच त्या लढतीत त्यांच्यापासून हिरावली गेली होती. योग्य वेळी बोलणारा एक माणूस सोबत असता, तर पदकाचा रंग वेगळा असता का, हा प्रश्न म्हणूनच आजही विचारला जातो.

तरीही कांस्यपदक त्यांच्या गळ्यात पडले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्याच स्पर्धेत फेदरवेट गटात लढलेले त्यांचे सहकारी केशव माणगावे यांचे पदक थोडक्यात हुकले आणि ते चौथे आले. दुसऱ्याच दिवशी भारतीय हॉकी संघाने सुवर्णपदक जिंकले आणि देशाच्या जल्लोषात खाशाबांचे यश काहीसे झाकोळले. कराडकरांनी मात्र आपल्या मल्लाला विसरले नाही. शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक कराड रेल्वे स्थानकापासून गोळेश्वरपर्यंत निघाली. एरवी अल्पावधीत संपणाऱ्या त्या वाटेला त्या दिवशी कित्येक तास लागले. सत्काराची धूळ खाली बसताच खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने भरवली आणि त्यातून मिळालेल्या रकमेने प्राचार्य खर्डेकरांचे घर सोडवण्यास हातभार लावला.

गुडघा आणि त्यानंतर

१९५५ मध्ये खाशाबा पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. नजर मेलबर्नकडे लागली होती. तीस वर्षांचा अनुभवी मल्ल, गादीची पूर्ण ओळख आणि एक पदक गाठीशी, अशी ती वेळ होती. परंतु १९५६च्या ऑलिम्पिकपूर्वी गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि ती संधी कायमची गेली.

धावणे, उडी मारणे, झटक्यात दिशा बदलणे या साऱ्यांचा भार अखेर गुडघ्यावरच येतो. मांडीने निर्माण केलेली ताकद जमिनीपर्यंत पोहोचते ती याच सांध्यातून. त्यामुळे वेगावर जगणाऱ्या मल्लासाठी गुडघ्याची इजा ही अन्य कोणत्याही इजेपेक्षा घातक ठरते. दुर्बिणीतून केली जाणारी शस्त्रक्रिया, त्यानंतरचे फिजिओथेरपीचे वेळापत्रक, हलका भार देत स्नायू पुन्हा उभे करण्याचे उपचार, यांपैकी काहीही त्या काळी भारतीय मल्लाच्या आवाक्यात नव्हते. आज अनेक खेळाडू अशा दुखापतीनंतर पुन्हा मैदानात उतरतात. खाशाबांना ती सोय मिळाली नाही.

पोलीस दलात त्यांनी सुमारे २७ वर्षे सेवा केली आणि साहाय्यक पोलीस आयुक्त पदावरून ते निवृत्त झाले. १९८२च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत क्रीडाज्योत वाहून नेणाऱ्यांत त्यांचा समावेश होता. मात्र उतारवय आर्थिक विवंचनेत गेले आणि निवृत्तिवेतनासाठीही त्यांना झगडावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ते अपघातात त्यांचे निधन झाले. त्यांच्या हयातीत दुसऱ्या कोणत्याही भारतीयाला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळाले नव्हते. ती प्रतीक्षा ४४ वर्षांनी, १९९६ मध्ये टेनिसपटू लिएंडर पेसच्या कांस्यपदकाने संपली. कुस्तीतील पुढच्या पदकासाठी तर २००८ पर्यंत थांबावे लागले.

मान्यता आली ती मरणोत्तर. राज्याचा छत्रपती पुरस्कार, केंद्राचा अर्जुन पुरस्कार, २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी सज्ज झालेल्या दिल्लीतील कुस्ती सभागृहाला त्यांचे नाव, अशी ही यादी आहे. पद्म पुरस्कार मात्र त्यात नाही. १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा करण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२३ मध्ये घेतला.

महाराष्ट्राच्या मातीतून दुसरे वैयक्तिक ऑलिम्पिक पदक येण्यास ७२ वर्षे लागली. २०२४ मध्ये पॅरिस येथे कोल्हापूर जिल्ह्यातीलच स्वप्नील कुसाळे याने नेमबाजीत कांस्यपदक पटकावले. त्याच स्पर्धेत अमन सेहरावतने कुस्तीत कांस्यपदक जिंकले आणि तेही ५७ किलो गटात. अमनने उपांत्य लढतीनंतर एका रात्रीत ४.६ किलो वजन उतरवले. प्रशिक्षक रात्रभर त्याच्यासोबत जागे होते. कधी कुस्तीचा सराव, कधी गरम पाण्याची अंघोळ, कधी ट्रेडमिल, असे तासातासाचे नियोजन होते. हेलसिंकीतील त्या दुपारी खाशाबांच्या बाजूला उभा राहून नियम दाखवणाराही कोणी नव्हता. दोन पदकांमधील ७२ वर्षांत काय बदलले, याचे याहून बोलके उदाहरण नाही.

कोल्हापूरच्या तालमींत आज मातीच्या हौद्याशेजारी गादी अंथरलेली दिसते. वजने आली आहेत, काही ठिकाणी यंत्रेही आली आहेत. ती हवीतच. परंतु वेग घडवण्याची विद्या या शहराकडे पूर्वीही होती. खाशाबांना जे कमी पडले, ते होते वेळेवर मिळणारे पैसे, हक्काची विश्रांती आणि दुखापतीवरचे उपचार. आज हौद्यात उतरणाऱ्या पोराला या तीन गोष्टी मिळतात का, याची विचारपूस दर १५ जानेवारीला झाली, तरी त्या दिवसाचे सार्थक होईल.